तुल्य रोध, विद्युत् मंडलांचा

तुल्य रोध, विद्युत् मंडलांचा : अनेक रोधक कोणत्याही प्रकारे एकमेकांस जोडून तयार झालेल्या मंडलाच्या दोन अग्रांमध्ये विद्युत् दाब लावला असता जेवढा एकूण प्रवाह वाहतो, तेवढाच प्रवाह त्याच दाबाखाली ज्या एकट्या रोधकातून वाहील, त्या रोधकाच्या रोधास त्या मंडलाचा त्या दोन अग्रांमधील तुल्य रोध म्हणतात. शालेय पाठ्यपुस्तकांत यासाठी परिणामी रोध ही संज्ञा अधिक रूढ आहे. रोध ओहम या एककात मोजतात.

या व्याख्येत दोन गोष्टी अभिप्रेत आहेत. एक म्हणजे तुल्य रोध हा संपूर्ण मंडलाचा नसून निवडलेल्या दोन अग्रांमधील असतो. अग्रे बदलली की तोही बदलतो. दुसरी म्हणजे मंडलाच्या बाहेरून केवळ या दोन अग्रांवर मोजमाप करणाऱ्यास मंडलाच्या अंतर्रचनेविषयी या एका संख्येपलीकडे काहीही कळत नाही. त्यामुळे या विषयाच्या इतिहासात दोन प्रश्न प्रारंभापासून बरोबरीने चालत आलेले दिसतात. अंतर्रचना ज्ञात असताना तुल्य रोध काढणे हा सरळ प्रश्न होय. बाहेरून मोजलेल्या रोधावरून अंतर्रचना ओळखणे हा उलट प्रश्न होय. सरळ प्रश्नाचे उत्तर नेहमी एकच असते. उलट प्रश्नाची उत्तरे अनेक असू शकतात. महाराष्ट्रातील नांदेड व लातूर या जिल्ह्यांत काळ्या पाषाणाखालील पाण्याचा शोध ज्या विद्युत् पद्धतीने घेतला जातो, ती या उलट प्रश्नावरच आधारलेली असल्याने प्रस्तुत नोंदीत तिचा विशेष विचार केला आहे.

ओहम यांचे कार्य : जर्मन भौतिकीविज्ञ गेओर्ग झिमोन ओहम (१७८९–१८५४) हे कोलोन येथे शिक्षक असताना त्यांनी विविध तारांतून वाहणाऱ्या प्रवाहांची तुलना करण्यास सुरुवात केली. त्या काळच्या विद्युत् घटांचा दाब स्थिर राहत नसल्याने सुरुवातीची निरीक्षणे परस्परांशी जुळत नव्हती. पोगेनडॉर्फ यांच्या सूचनेवरून त्यांनी बिस्मथ व तांबे यांच्या तपयुग्माचा उपयोग केला आणि १८२६ मध्ये त्यांना सुसंगत निष्कर्ष मिळाले. प्रवाह हा एका स्थिर राशीस दोन पदांच्या बेरजेने भागले असता मिळतो, असे त्यांचे सूत्र होते. या बेरजेतील एक पद परीक्षणाधीन तारेच्या लांबीचे, तर दुसरे उरलेल्या मंडलाचे होते. एकापुढे एक जोडलेल्या भागांचे रोध बेरजेने एकत्र येतात, हा नियम अशा रीतीने ओहम नियमाच्या पहिल्या स्वरूपातच अंतर्भूत होता.

१८२७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ओहम यांनी या नियमाची गणितीय मांडणी केली. तीत त्यांनी फूर्ये यांच्या उष्णतावहनाच्या सिद्धांताचा आधार घेतला होता. मंडलाच्या प्रत्येक भागाऐवजी तेवढाच अडथळा करणारी एका प्रमाण तारेची लांबी घ्यावी, असे सुचवून तिला त्यांनी ‘लघूकृत लांबी’ असे नाव दिले. आजच्या तुल्य रोध या संकल्पनेचे हे पूर्वरूप होय. जर्मनीत या कार्याची दखल उशिरा घेतली गेली. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ मध्ये त्यांना कॉप्ली पदक दिले.

एकसरी व समांतर जोडणी : क, ख, ग हे रोध एकापुढे एक जोडले असता सर्वांतून एकच प्रवाह वाहतो व दाब विभागला जातो. या एकसरी जोडणीचा तुल्य रोध र = क + ख + ग एवढा असतो. हेच रोध समान दोन अग्रांमध्ये शेजारी शेजारी जोडले असता सर्वांवर दाब एकच राहतो व प्रवाह विभागला जातो. या समांतर जोडणीत व्यस्तांकांची बेरीज होते : १/र = १/क + १/ख + १/ग. दोनच रोध असल्यास गुणाकारास बेरजेने भागावे. उदा., ६ व ३ ओहमचे रोध एकसरीत ९ ओहम, तर समांतर जोडणीत १८/९ म्हणजे २ ओहम होतात. समांतर जोडणीचा तुल्य रोध तीमधील सर्वांत लहान रोधाहूनही कमी असतो, कारण प्रत्येक नवीन मार्गाने प्रवाहास अधिक वाट मिळते.

या दोन नियमांच्या पुनःपुन्हा उपयोगाने अनेक मंडले सुटतात, तथापि सर्व सुटत नाहीत. ज्या मंडलात एखादा रोधक दोन समांतर मार्गांच्या मधल्या बिंदूंना आडवा जोडलेला असतो, त्यात कोणतेही दोन रोधक शुद्ध एकसरीत किंवा शुद्ध समांतर नसतात. ही सेतुरचना इंग्रज शास्त्रज्ञ सॅम्युएल हंटर क्रिस्टी (१७८४–१८६५) यांनी १८३३ मध्ये वर्णिली होती. चार्ल्स व्हीट्स्टन (१८०२–७५) यांनी १८४३ मध्ये क्रिस्टी यांचा उल्लेख करूनच ती रोधमापनासाठी प्रचारात आणली. पुढे ती व्हीट्स्टन सेतू या नावाने प्रसिद्ध झाली. चारही भुजांचे गुणोत्तर जुळले की मधल्या आडव्या मार्गातून प्रवाह वाहत नाही व अज्ञात रोध तत्काळ मिळतो. हे गुणोत्तर जुळलेले नसताना तुल्य रोध कसा काढावयाचा, याचे उत्तर मात्र वेगळ्या नियमांतून मिळाले.

किरखोफ नियम : गुस्टाफ किरखोफ (१८२४–८७) हे कनिग्झबर्ग येथे विद्यार्थी असताना त्यांनी १८४५ मध्ये वर्तुळाकार धातुपत्र्यातून वाहणाऱ्या प्रवाहाविषयी एक निबंध लिहिला. त्याच निबंधाच्या ओघात त्यांनी कोणत्याही जोडणीस लागू पडणारे दोन नियम नमूद केले. प्रत्येक संधिबिंदूपाशी येणाऱ्या व जाणाऱ्या प्रवाहांची बैजिक बेरीज शून्य असते, हा पहिला आणि कोणत्याही बंद मार्गातील विद्युत् दाबांची बैजिक बेरीज शून्य असते, हा दुसरा होय. तारांच्या जाळ्यासाठी पुढे सर्वत्र वापरले गेलेले हे नियम मुळात अखंड पत्र्याच्या अभ्यासात उद्‌भवले, ही बाब लक्षणीय आहे. तारांचे मंडल व विस्तृत संवाहक यांचे गणित एकच आहे, हे त्यातून प्रथमपासूनच सूचित होते.

१८४७ मध्ये किरखोफ यांनी या समीकरणांचे उत्तर मोजणीच्या रूपात मांडले. मंडलातील सर्व संधिबिंदू जोडणारी, पण एकही बंद मार्ग नसलेली शाखांची प्रत्येक निवड म्हणजे एक ‘वृक्ष’ मानला, तर अशा वृक्षांच्या मोजणीवरून तुल्य रोध मिळतो. सर्व रोध १ ओहमचे असल्यास एखाद्या शाखेच्या दोन टोकांमधील तुल्य रोध म्हणजे ती शाखा असलेल्या वृक्षांचे एकूण वृक्षांशी असलेले गुणोत्तर होय. त्रिकोणात एकूण तीन वृक्ष होतात व प्रत्येक बाजू त्यांपैकी दोहोंत असते. म्हणून दोन शिरोबिंदूंमधील तुल्य रोध २/३ ओहम येतो. समांतर जोडणीच्या सूत्रानेही (१ व २ ओहम) हेच उत्तर मिळते.

तारायंत्र व दोषस्थान : सरळ प्रश्नाचे गणित अशा रीतीने सिद्ध होत असतानाच तारायंत्राने उलट प्रश्न व्यवहारात आणला. समुद्रतळाशी किंवा जमिनीत पुरलेल्या दोरखंडाचे वेष्टन कोठेतरी फुटले, तर ती जागा किनाऱ्यावरील कचेरीत बसून शोधणे आवश्यक असे. दोरखंडाचा प्रति-किमी. रोध ठाऊक असल्यास मोजलेल्या रोधावरून दोषाचे अंतर काढता येते; परंतु दोषाच्या जागी जो स्वतंत्र रोध निर्माण झालेला असतो तो अज्ञात असल्याने एका मोजमापावरून निर्णय होत नाही. यासाठी दोन्ही टोकांकडून किंवा दुसऱ्या निर्दोष तारेचा फेरा करून मोजमाप करण्याच्या पद्धती निघाल्या. उलट प्रश्नास एकाहून अधिक स्वतंत्र मोजमापे लागतात, हा धडा येथे प्रथम मिळाला.

भारतीय तार खात्यातील अभियंते लुई श्वेंडलर (१८३८–८२) यांनी तारमार्गांच्या परीक्षणासंबंधी लिहिलेली सूचनापुस्तिका या विषयातील प्रमाणभूत ग्रंथ मानली गेली. रोधाच्या एककाचे प्रमाणीकरण करण्यासाठी ब्रिटिश असोसिएशनने १८६१ मध्ये समिती नेमली होती. १८८१ मध्ये पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने ओहम, व्होल्ट व अँपिअर ही एकके स्वीकारली.

तारा–त्रिकोण रूपांतर : सेतुरचनेसारख्या मंडलांचे गणन सुलभ करणारे रूपांतर आर्थर एडविन केनेली (१८६१–१९३९) यांनी १८९९ मध्ये प्रसिद्ध केले. केनेली यांचा जन्म मुंबईतील कुलाबा येथे झाला होता. लहानपणीच ते इंग्लंडला गेले, १८७६ पासून ईस्टर्न टेलिग्राफ कंपनीत काम करू लागले, पुढे अमेरिकेत टॉमस एडिसन यांचे साहाय्यक व नंतर हार्व्हर्ड विद्यापीठात प्राध्यापक झाले. तीन बिंदूंना त्रिकोणाच्या रूपात जोडणाऱ्या तीन रोधांऐवजी एका मध्यबिंदूपासून निघणारे तीन रोध असे घेता येतात की, बाहेरील मंडलास काहीच फरक जाणवत नाही. ताऱ्याची प्रत्येक भुजा ही त्या शिरोबिंदूशी मिळणाऱ्या दोन बाजूंच्या गुणाकारास तिन्ही बाजूंच्या बेरजेने भागून मिळते.

उदाहरणार्थ, अ ते आ २ ओहम, अ ते इ ३ ओहम, आ ते इ (सेतू) ५ ओहम, आ ते ई ५ ओहम व इ ते ई ४.५ ओहम असे मंडल असून अ व ई यांमधील तुल्य रोध काढावयाचा आहे. अ, आ, इ या त्रिकोणाच्या बाजूंची बेरीज १० आहे. म्हणून ताऱ्याच्या भुजा अनुक्रमे ०.६, १ व १.५ ओहम होतात. आता १ + ५ व १.५ + ४.५ असे प्रत्येकी ६ ओहमचे दोन समांतर मार्ग उरतात. त्यांचा तुल्य रोध ३ ओहम व एकूण ३.६ ओहम हे उत्तर मिळते.

याच मंडलातील सेतू काढून टाकला, तर ७ व ७.५ ओहमचे दोन मार्ग समांतर राहून रोध सु. ३.६२ ओहम होतो. सेतूच्या जागी रोधहीन तार जोडली, तर तो सु. ३.५७ ओहम होतो. खरे उत्तर या दोहोंच्या मध्ये असते. कोणत्याही शाखेचा रोध वाढविला असता तुल्य रोध कधीही घटत नाही आणि कमी केला असता कधीही वाढत नाही, हे लॉर्ड रॅली यांच्या नावाने ओळखले जाणारे तत्त्व होय. ज्या मंडलांचे अचूक गणन अवघड असते, त्यांच्या तुल्य रोधाच्या वरच्या व खालच्या मर्यादा या तत्त्वाने ठरविता येतात.

भूमी हे मंडल : तारायंत्राच्या मंडलात परतीची तार न घालता भूमीचाच उपयोग करता येतो, हे श्टाइनहाइल यांनी १८३८ मध्ये दाखवून दिले होते. त्यामुळे भूमीचा रोध हा विद्युत् अभियंत्यांच्या नित्य विचाराचा विषय झाला. जमिनीत पुरलेल्या अर्धगोलाकार अग्राचा रोध हा मातीच्या रोधकतेस २ × पाय × त्रिज्या या गुणाकाराने भागून मिळतो. अग्राभोवतीच्या मातीची एकात एक बसलेली पातळ कवचे कल्पून त्यांचे रोध एकसरीत मिळविले की हे सूत्र येते. बाहेरील कवचे अधिकाधिक विस्तृत होत जात असल्याने त्यांचा वाटा झपाट्याने घटतो. केंद्रापासून त्रिज्येच्या दुप्पट अंतरापर्यंतच्या मातीतच एकूण रोधाचा निम्मा भाग सामावलेला असतो.

वीजजोडणीच्या सुरक्षिततेसाठी केल्या जाणाऱ्या भूसंपर्काचे, ज्याला व्यवहारात आर्थिंग म्हणतात त्याचे, मर्म येथे आहे. अग्राभोवतीची थोडी माती ओली राखणे व तीत कोळसा आणि मीठ घालणे याचा परिणाम मोठा होतो तो यामुळेच. मराठवाड्यातील काळी कसदार माती ओली असताना उत्तम संवाहक असते. उन्हाळ्यात मात्र ती सुकून तिला खोल भेगा पडतात व अग्राचा मातीशी असलेला संपर्क तुटतो. पावसाळ्यात समाधानकारक भरलेला भूसंपर्क वैशाखात धोकादायक ठरू शकतो, म्हणून त्याचे मोजमाप कोरड्या ऋतूत करणे योग्य होय. दोन अग्रे समांतर जोडली असता रोध निम्मा होतो, ही समजूतही जपून वापरावी लागते. अग्रे एकमेकांच्या जवळ असल्यास दोहोंचा प्रवाह त्याच मातीतून जातो. मार्ग स्वतंत्र नसल्याने समांतर जोडणीचा साधा नियम लागू पडत नाही व रोध निम्म्याहून अधिक राहतो. भूसंपर्कासंबंधीची भारतीय मानक संहिता (आयएस ३०४३) प्रथम १९६६ मध्ये प्रसिद्ध झाली व १९८७ आणि २०१८ मध्ये तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या.

भूमीच्या अंतर्भागाची रोधकता मोजण्यासाठी चार अग्रांची पद्धत वापरतात. फ्रान्समध्ये काँराद श्ल्यूंबर्गर (१८७८–१९३६) यांनी १९१२ पासून या दिशेने क्षेत्रीय प्रयोग केले. अमेरिकेत फ्रँक वेनर यांनी १९१५ मध्ये समान अंतरावरील चार अग्रांची मांडणी सुचविली. बाहेरील दोन अग्रांतून प्रवाह सोडतात व आतील दोन अग्रांमधील दाब मोजतात. दाब मोजणाऱ्या अग्रांतून प्रवाह जवळजवळ वाहतच नसल्याने त्यांच्या संपर्काचा रोध मोजमापात शिरत नाही. दाबास प्रवाहाने भागून मिळणाऱ्या रोधास २ × पाय × अग्रांमधील अंतर यांनी गुणिले की रोधकता मिळते. भूमी एकजिनसी नसेल, तर ही संख्या कोणत्याही एका थराची नसून सर्वांची मिळून असते. तिला भासमान रोधकता म्हणतात. अग्रांमधील अंतर वाढवीत नेले की प्रवाह अधिक खोल जातो. अंतरानुसार भासमान रोधकतेचा जो वक्र मिळतो त्यावरून थरांची कल्पना करता येते.

थरांच्या भूमीस एकसरी व समांतर जोडणीचे नियम कसे लागू पडतात, हे रेमाँ माये यांनी १९४७ मध्ये स्पष्ट केले. प्रवाह थरांना काटकोनात जात असेल, तर थर एकसरीत असतात व जाडी गुणिले रोधकता या गुणाकारांची बेरीज होते. प्रवाह थरांना समांतर जात असेल, तर थरही समांतर जोडलेले असतात व जाडी भागिले रोधकता या भागाकारांची बेरीज होते. समजा, ५ ओहम-मी. रोधकतेची २ मी. काळी माती, ३० ओहम-मी.चा १२ मी. झिजलेला खडक व २०० ओहम-मी.चा २० मी. कठीण बेसाल्ट असे थर आहेत. आडव्या प्रवाहासाठी भागाकार अनुक्रमे ०.४, ०.४ व ०.१ असून बेरीज ०.९ येते, म्हणजे एकूण ३४ मी. जाडीपैकी केवळ २ मी. असलेली माती आडव्या प्रवाहाचा सु. ४४ टक्के भाग वाहून नेते. या ३४ मी. भूमीची सरासरी रोधकता आडव्या दिशेत सु. ३८, तर उभ्या दिशेत सु. १२९ ओहम-मी. येते. भूमी एकच असूनही दिशेनुसार तुल्य रोध बदलतो, तो असा.

नांदेड व लातूर जिल्हे : या दोन्ही जिल्ह्यांचा बहुतेक भाग दक्खन ट्रॅप या लाव्हाजन्य बेसाल्टाने व्यापलेला आहे; नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेकडील देगलूर-बिलोली भागात त्याची सीमा संपून ग्रॅनाइट व पट्टिताश्म हे अधिक प्राचीन खडक उघडे पडतात. अखंड बेसाल्टात पाणी साठत नाही. ते साठते ते मुरमात, झिजलेल्या व भेगाळलेल्या खडकात, तसेच विहिरी खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात त्या सच्छिद्र थरात. लाव्हाच्या दोन प्रवाहांच्या मध्ये अनेक ठिकाणी तांबड्या मातीचा पातळ थर आढळतो. ओली काळी माती सामान्यतः १० ओहम-मी.हून कमी, पाणी धरलेला झिजलेला बेसाल्ट काही दशक ओहम-मी. आणि कठीण बेसाल्ट त्याहून पुष्कळच अधिक रोधकता दाखवितो. या फरकामुळे विंधन विहिरीची जागा निवडताना रोधकता-मापनाचा आधार घेता येतो. १९७२ च्या दुष्काळाच्या काळात राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा स्थापन झाली आणि त्यानंतर अशा शास्त्रीय पद्धतींचा प्रसार वाढला.

तथापि उलट प्रश्नाची मूळ मर्यादा येथे प्रकर्षाने जाणवते. दोन कठीण थरांमध्ये कमी रोधकतेचा पातळ थर दबलेला असल्यास प्रवाह त्या थरातून आडवा वाहतो व पृष्ठभागावरील मोजमापात केवळ त्याची जाडी भागिले रोधकता हे गुणोत्तर उमटते. ४ मी. जाडीचा, २० ओहम-मी. रोधकतेचा, पाणी धरणारा भेगाळ थर आणि २ मी. जाडीचा, १० ओहम-मी.चा तांबड्या मातीचा थर या दोहोंचे गुणोत्तर ०.२ हेच आहे. पहिल्यातून विहिरीस पाणी लागते, दुसऱ्यातून बहुधा लागत नाही. परंतु दोहोंचे वक्र व्यवहारतः एकसारखे असतात. भूभौतिकीत या गोष्टीस समतुल्यतेचे तत्त्व म्हणतात. १९७१ मध्ये भारतीय भूभौतिकीविज्ञ डी. पी. घोष यांनी रेषीय गाळणीच्या तत्त्वावर वक्रांचे अर्थनिर्णयन सोपे करणारी पद्धत दिली व संगणकांच्या साहाय्याने हे काम आता जलद होते. परंतु समतुल्यता ही गणनाच्या संथपणामुळे आलेली नसल्याने जलद गणनाने ती नाहीशी होत नाही. आसपासच्या विहिरींतील थरांची नोंद, खडकांचे प्रत्यक्ष निरीक्षण व पाण्याच्या पातळीची माहिती यांची जोड दिली, तरच पर्यायांपैकी एकाची निवड करता येते.

हा केवळ सैद्धांतिक सूक्ष्मतेचा भाग नव्हे. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरास पाणी पुरविण्यासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिल रोजी पोहोचलेल्या पहिल्या गाडीत सु. ५ लाख लिटर पाणी होते. अशा प्रदेशात कोरडी निघालेली विंधन विहीर म्हणजे शेतकऱ्याच्या माथी कर्ज असते. यंत्राने दाखविलेल्या एका आकड्यास पाण्याची ग्वाही समजणे किती महाग पडू शकते, हे त्यावरून लक्षात येते. रोधकता-मापनाने अनुकूल जागांची संख्या कमी करता येते व अपयशाचा संभव घटविता येतो. खडकात पाणी असल्याची खात्री त्याने मिळत नाही.

याच तत्त्वाचा अधिक खोलीवरील उपयोग किल्लारी येथे झाला. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे झालेल्या भूकंपात लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील हजारो लोक मृत्युमुखी पडले. त्यानंतर तेथे ६१७ मी. खोल विंधन विवर घेण्यात आले. त्यात बेसाल्टाची जाडी सु. ३३८ मी. असून त्याखाली अवसादांचा पातळ थर व मग प्राचीन पायाभूत खडक असल्याचे आढळले. हैदराबाद येथील राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मॅग्नेटोटेल्यूरिक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीने या भागाचा अभ्यास केला. तीत प्रवाह कृत्रिम रीत्या न सोडता भूमीत नैसर्गिक रीत्या वाहणाऱ्या प्रवाहांचे मापन करतात. भूकंपनाभीच्या खालील भागात कमी रोधकतेचा पट्टा आढळला व तो तेथील द्रवांचा निदर्शक असावा, असा अर्थ त्यांनी १९९६ मध्ये मांडला. विवरातील खडक प्रत्यक्ष हाती येतो. त्याहून कितीतरी खोल असलेल्या पट्ट्याविषयी मात्र रोधकतेवरून अनुमानच करावे लागते. प्रत्यक्ष ज्ञान व अनुमान यांतील भेद येथे स्पष्ट दिसतो.

अध्यापनाची परंपरा : नांदेड व लातूर हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, लातूर त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यात मोडत असे. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते व त्यासाठी स्थापन झालेल्या अनुवाद विभागाने विज्ञानाची पाठ्यपुस्तके उर्दूत आणली. त्यामुळे या भागातून हैदराबादला शिकावयास गेलेल्या मराठी भाषक विद्यार्थ्यास रोधाची ओळख ‘मुजाहमत’ या शब्दाने व विद्युत् प्रवाहाची ‘बर्की रौ’ या शब्दाने होत असे. संस्थानाच्या विलीनीकरणानंतर महाविद्यालयीन विज्ञानाचे माध्यम इंग्रजी झाले, तर मराठी शाळांतून रोध, एकसर जोडणी व समांतर जोडणी हे शब्द रूढ झाले. दोनतीन पिढ्यांच्या अवधीत एकाच घरात एकच नियम तीन भाषांतून शिकला गेल्याची उदाहरणे या प्रदेशात घडू शकली, ती या इतिहासामुळे.

नांदेड येथे १९५० मध्ये पीपल्स कॉलेज व १९६३ मध्ये यशवंत महाविद्यालय, लातूर येथे १९६१ मध्ये दयानंद महाविद्यालय व १९७० मध्ये राजर्षी शाहू महाविद्यालय सुरू झाले. औरंगाबाद येथील मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १९५८ मध्ये झाली. नांदेडचे श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी महाविद्यालय १९८१ मध्ये, तर स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ मध्ये स्थापन झाले. पुढे लातूर हे बारावी व प्रवेश परीक्षांच्या तयारीचे केंद्र म्हणून ‘लातूर पॅटर्न’ या नावाने राज्यभर प्रसिद्ध पावले. या तयारीत तुल्य रोधावरील उदाहरणांना निश्चित स्थान आहे. बारा समान रोधांच्या घनाच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांमधील रोध एका रोधाच्या ५/६ पट असतो, हे सममितीने सोडविण्याचे उदाहरण सर्वपरिचित आहे. अशी उदाहरणे सरळ प्रश्नाची असतात व त्यांचे एकच उत्तर अपेक्षित असते. त्याच विद्यार्थ्याच्या गावातील विहिरीचा प्रश्न उलट स्वरूपाचा असतो आणि तो अभ्यासक्रमात क्वचितच येतो.

गणितातील विस्तार : विसाव्या शतकात तुल्य रोध ही शुद्ध गणिताचीही संकल्पना झाली. आर्. एम्. फॉस्टर यांनी १९४९ मध्ये असे दाखविले की, सर्व रोध १ ओहमचे असल्यास प्रत्येक शाखेच्या टोकांमधील तुल्य रोधांची बेरीज ही संधिबिंदूंच्या संख्येहून एकने कमी असते. उपर्युक्त घनात आठ संधिबिंदू असल्याने ही बेरीज ७ व प्रत्येक कडेवरील तुल्य रोध ७/१२ ओहम येतो. जाळ्यावरून दिशाहीन भटकणारा बिंदू मूळ ठिकाणी परत येईल किंवा नाही, या पोल्या यांनी १९२१ मध्ये अभ्यासलेल्या प्रश्नाचा तुल्य रोधाशी निकट संबंध असल्याचे पुढे सिद्ध झाले. क्लाइन व रांडिच यांनी १९९३ मध्ये दोन बिंदूंमधील तुल्य रोध हे एक प्रकारचे अंतरच आहे, असे प्रतिपादन करून ‘रोध-अंतर’ ही संज्ञा रूढ केली. दिल्ली येथील भारतीय सांख्यिकी संस्थेतील रवींद्र बापट यांनी रोध-अंतरांच्या सारणींवर संशोधन केले आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील एच्. नारायणन यांचा विद्युत् जालकांच्या गणितावरील ग्रंथ १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. २००८ मध्ये स्पीलमन व श्रीवास्तव यांनी अतिविशाल जाळी संक्षिप्त करताना कोणत्या शाखा राखाव्यात हे तुल्य रोधावरून ठरविण्याची पद्धत दिली.

ओहम यांच्या बेरजेपासून या विस्तारापर्यंत सरळ प्रश्नाचे गणित उत्तरोत्तर संपन्न होत गेले. उलट प्रश्नाच्या बाबतीत मात्र तारायंत्राच्या दोषशोधनापासून नांदेड-लातूरच्या विंधन विहिरीपर्यंत एकच गोष्ट पुनःपुन्हा प्रत्ययास येते : तुल्य रोध हा अनेक भागांचा एकत्रित परिणाम असतो व तो सांगताना भागांची ओळख त्यात लोपते. ती परत मिळवावयाची, तर मोजमापांची संख्या वाढवावी लागते आणि मोजमापाबाहेरचे ज्ञानही उपयोगात आणावे लागते.